धुके-संगणनातील गणनभाराचे हस्तांतरण आणि मर्यादित साधने : मनमाड–नांदेड रेल्वेमार्गावरील ‘कवच’ प्रणालीच्या संदर्भात एक समीक्षा

सारांश

फॉग कॉम्प्युटिंग म्हणजेच धुके-संगणन या विषयावर २०१२ पासून विपुल लेखन झाले आहे. या लेखनाचा मोठा भाग गणनभाराचे हस्तांतरण, म्हणजे ऑफलोडिंग, आणि मर्यादित साधनांचे वाटप या दोन प्रश्नांभोवती फिरतो. प्रस्तुत लेखात या विचारसरणीची गृहीतके तपासली असून, मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बसविलेल्या ‘कवच’ या स्वयंचलित गाडी-संरक्षण प्रणालीच्या कसोटीवर ती कितपत टिकतात, याचा विचार केला आहे. कोणते काम कोठे पाठवावे या प्रश्नाआधी कोणते काम मुळीच पाठवू नये हा प्रश्न सोडविला गेला पाहिजे, आणि मर्यादित साधनांच्या व्यवस्थापनात राखीव साधनाला हक्काचे स्थान मिळाले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : धुके-संगणन, गणनभार, हस्तांतरण, साधन-वाटप, कवच, मनमाड

प्रास्ताविक

संगणनाचे काम कोठे व्हावे, हा प्रश्न संगणकशास्त्राइतकाच जुना आहे. १९६० च्या दशकात एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी वेळ वाटून घेऊन काम करण्याची पद्धत रूढ झाली. १९८० च्या दशकात वैयक्तिक संगणकामुळे ते काम टेबलावर आले. २००६ नंतर क्लाउड सेवांचा प्रसार झाला आणि तेच काम पुन्हा दूरच्या केंद्रांकडे गेले. त्यानंतर संवेदक, कॅमेरे आणि मोबाइल संच यांची संख्या इतकी वाढली की प्रत्येक नोंद दूरच्या केंद्राकडे पाठवून तेथून उत्तर आणणे वेळेच्या आणि खर्चाच्या दृष्टीने परवडेनासे झाले. या अडचणीतून धुके-संगणनाची कल्पना पुढे आली. ढग जमिनीलगत उतरला की त्याला धुके म्हणतात. त्याचप्रमाणे क्लाउडची क्षमता उपकरणांच्या जवळ, वाटेतल्या राउटर, गेटवे किंवा लहान सर्व्हरवर उतरविणे, असा या नावामागील आशय आहे.

नावातील हे काव्य बाजूला ठेवले, तर उरतो तो एक कठोर व्यावहारिक प्रश्न. जवळचे यंत्र लहान असते. त्याची स्मृती, प्रक्रियाशक्ती आणि वीज मोजकी असते, आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. अशा स्थितीत कोणाचे काम आधी करावे, कोणाचे पुढे ढकलावे आणि कोणाचे दूर पाठवावे? या विषयावरील संशोधनाने या प्रश्नाला जे उत्तर दिले आहे, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेची वाटचाल

२००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्लाउडलेट’ची कल्पना मांडली. मोबाइल संचाने आपले जड काम दूरच्या केंद्राकडे न पाठविता एका उडीच्या अंतरावरील लहान सर्व्हरकडे द्यावे, असा तिचा गाभा होता. २०१० मध्ये ‘माउई’ या प्रणालीने एखाद्या प्रोग्रॅमचा कोणता भाग संचावर चालवावा आणि कोणता बाहेर द्यावा, याचा निर्णय प्रोग्रॅम चालू असतानाच घेण्याचा मार्ग दाखविला. बॅटरी वाचविणे हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते. २०१२ मध्ये सिस्को कंपनीतील फ्लाव्हिओ बोनोमी व सहकाऱ्यांनी ‘फॉग कॉम्प्युटिंग’ ही संज्ञा शोधनिबंधातून पुढे आणली आणि अल्प विलंब, स्थानाचे भान, विस्तृत भौगोलिक विखुरणी, गतिशीलता ही तिची लक्षणे नोंदविली. २०१५ मध्ये ओपनफॉग कन्सॉर्शियम स्थापन झाले. त्याची संदर्भ-रचना २०१८ मध्ये आयईईईने मानक म्हणून स्वीकारली, आणि २०१९ मध्ये ही संस्था इंडस्ट्रियल इंटरनेट कन्सॉर्शियममध्ये विलीन झाली.

दशकभरात संज्ञा, मानक आणि संस्था यांचा हा प्रवास पूर्ण झाला. संस्था विलीन झाली तरी शोधनिबंधांचा ओघ आटला नाही. या ओघाला गती देण्यात ‘आयफॉगसिम’ या आभासी प्रयोगसाधनाचा वाटा मोठा आहे. राजकुमार बुय्या आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले हे साधन २०१७ मध्ये शोधनिबंधाद्वारे प्रसिद्ध झाले. एकही संवेदक विकत न घेता संपूर्ण धुके-जाळे संगणकावर उभे करण्याची सोय त्यामुळे झाली. साधनांची वानवा असलेल्या महाविद्यालयांना ही सोय वरदान ठरली, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या सोयीबरोबर काही गृहीतकेही नकळत आत आली.

हस्तांतरणाचे गणित

हस्तांतरणाचा मूळ नियम सोपा आहे. कार्तिक कुमार आणि युंग-शियांग लू यांनी २०१० मध्ये तो बॅटरीच्या बचतीच्या संदर्भात स्पष्टपणे मांडला. काम मोठे आणि पाठवावयाची माहिती थोडी असेल तर हस्तांतरण लाभते. माहिती अवजड आणि काम किरकोळ असेल तर ते अंगाशी येते. हाच विचार वेळेलाही लागू पडतो.

एक उदाहरण घेऊ. एका छायाचित्राचा आकार १६ मेगाबिट आहे. त्याचे पृथक्करण संचावर करण्यास ३ सेकंद लागतात, तर दहापट वेगवान सर्व्हरवर ०.३ सेकंद. जोडणीचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल तर छायाचित्र पाठविण्यातच ४ सेकंद जातात आणि एकूण ४.३ सेकंद लागतात. म्हणजे काम घरीच केलेले बरे. जोडणी सेकंदाला १६ मेगाबिटची असेल तर एकूण १.३ सेकंद लागतात आणि हस्तांतरण फायद्याचे ठरते. परंतु याच जोडणीवर १६ जणांनी एकाच वेळी हाच निर्णय घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला १ मेगाबिट येतो आणि केवळ पाठविण्यास १६ सेकंद लागतात. एकेकट्याने घेतलेला शहाणपणाचा निर्णय सर्वांनी मिळून घेतला की तोट्याचा होतो. शू चेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या शोधनिबंधात अनेक वापरकर्त्यांच्या या परस्परावलंबी निर्णयांची मांडणी द्यूत-सिद्धान्ताच्या आधारे केली आणि केंद्राने सर्वांसाठी सर्वोत्तम वाटप शोधणे हे गणनदृष्ट्या अतिशय कठीण असल्याचे दाखविले.

सर्व्हरच्या बाजूलाही असाच पेच आहे. रांगांच्या सिद्धान्तातील सर्वांत साधे प्रतिमान घेतले आणि एखादे धुके-केंद्र सेकंदाला सरासरी १० कामे उरकू शकते असे मानले, तर सेकंदाला ५ कामे येत असताना प्रत्येक कामाला सरासरी ०.२ सेकंद लागतो. ९ कामे येऊ लागली की हा काळ १ सेकंद होतो, आणि ९.९ कामे येऊ लागली की तो १० सेकंदांवर जातो. साधनाचा वापर पूर्णत्वाच्या जवळ नेला की प्रतीक्षा अशी एकदम फुगते. तरीही ‘साधनाचा पुरेपूर वापर’ हे अनेक शोधनिबंधांत निर्विवाद यश म्हणून नोंदविले जाते. हे कितपत योग्य आहे, हे तपासण्यासाठी प्रत्यक्षातील एका व्यवस्थेकडे वळणे आवश्यक आहे.

मनमाडची कसोटी : ‘कवच’

मनमाड हे नांदगाव तालुक्यातील शहर रेल्वेच्या जंक्शनमुळे ओळखले जाते. मुंबई–भुसावळ हा मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारा मार्ग आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी यांवरून नांदेडकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. मनमाड स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे, तर नांदेडकडील मार्ग दक्षिण मध्य रेल्वेकडे आहे. भारतीय रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेने विकसित केलेली ‘कवच’ ही प्रणाली जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय गाडी-संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारण्यात आली, आणि तिची पहिली मोठी उभारणी दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ मार्ग-किलोमीटरवर झाली. मनमाडहून परभणी, नांदेड, सिकंदराबादमार्गे गुंटकलकडे जाणारा मार्ग या उभारणीत समाविष्ट आहे.

रेल्वेने ‘कवच’ला धुके-संगणन असे नाव दिलेले नाही, परंतु गणनाची विभागणी कशी करावी, याचा विचार करणाऱ्यांना तिच्यासारखे दुसरे उदाहरण जवळपास मिळणे कठीण. रुळांच्या स्लीपरवर आरएफआयडी टॅग बसविलेले असतात. त्यांवरून जाताना इंजिनाला आपले स्थान कळते. स्थानकावरील ‘कवच’ यंत्रणा इंटरलॉकिंगकडून सिग्नलची स्थिती घेते आणि गाडीला कोठपर्यंत जाण्यास मुभा आहे, ते रेडिओद्वारे इंजिनाला कळविते. इंजिनातील संगणक स्थान, वेग आणि मिळालेली मुभा यांवरून ब्रेक केव्हा लागला पाहिजे याचा हिशोब करतो, आणि लोको पायलटने वेळेत ब्रेक लावला नाही तर स्वतः लावतो. या सर्वांवरच्या पातळीवर नोंदी आणि देखरेखीसाठी मध्यवर्ती व्यवस्था असते.

उपकरण, जवळचे केंद्र आणि दूरचे केंद्र असे धुके-संगणनाचे तीनही थर येथे आहेत. तरीही कामाची वाटणी हस्तांतरणाच्या नियमाने झालेली नाही. स्थानकावर अधिक शक्तिशाली संगणक ठेवून प्रत्येक गाडीच्या ब्रेकचा हिशोब तेथे करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. त्यामुळे इंजिनातील यंत्रणा कदाचित हलकी आणि स्वस्तही झाली असती. परंतु ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. रेडिओ-संपर्क तीन सेकंद खंडित झाला तर ती ८० मीटरहून अधिक अंतर ओलांडते. म्हणून मुभा बाहेरून येते, पण थांबण्याचा हिशोब इंजिनाबरोबरच प्रवास करतो. संपर्क तुटला तर नवी मुभा मिळत नाही; आधी मिळालेल्या मुभेच्या आत राहण्याची जबाबदारी मात्र इंजिनावरच राहते.

याहून लक्षणीय बाब साधनांच्या वापराची आहे. ‘कवच’ सुरक्षिततेच्या चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीसाठी प्रमाणित आहे. या पातळीवर धोकादायक बिघाडाचे प्रमाण तासाला दहा कोटींत एकाहूनही कमी असावे, अशी अपेक्षा असते. एकाच प्रोसेसरच्या भरवशावर हे साधत नाही. तोच हिशोब एकाहून अधिक प्रोसेसरवर स्वतंत्रपणे करून उत्तरांचा मेळ घातला जातो आणि मेळ न बसल्यास यंत्रणा सुरक्षित बाजूस झुकते. हस्तांतरणावरील साहित्याच्या परिभाषेत हा दुसरा प्रोसेसर वाया गेलेले साधन ठरेल, कारण त्याने एकही नवे काम केलेले नसते. मनमाडच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जंक्शनमधील रिकामी लूप लाइन ही वाया गेलेली लाइन नसते. ती रिकामी असते म्हणूनच मागून येणाऱ्या गाडीला वाट देता येते.

सरासरीची मर्यादा

धुके-संगणनावरील अनेक शोधनिबंधांचा निष्कर्ष सरासरी विलंब किती टक्क्यांनी घटला, या एका आकड्यात येऊन थांबतो. सरासरी हे उपयुक्त माप आहे. पण ती कोणावर काय गुजरले ते सांगत नाही. उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी येण्याचा अनुभव मनमाडकरांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. माणशी सरासरी पुरवठ्याचा आकडा काढून पाण्याविना गेलेल्या चौदाव्या दिवसाचे वर्णन होत नाही. ब्रेकचे तर पाण्यासारखे साठवूनही ठेवता येत नाही. नव्याण्णव वेळा वेळेआधी आणि एकदा उशिरा मिळालेल्या उत्तराची सरासरी उत्तम येते. अपघात मात्र त्या एका वेळी होतो.

हा विचार संगणकशास्त्राला अपरिचित नाही, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. १९७३ मध्ये सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी वास्तव-काल प्रणालींवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की, ठरावीक अंतराने येणाऱ्या कामांना स्थिर अग्रक्रम दिला तर प्रोसेसरचा वापर सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेपर्यंत प्रत्येक काम आपल्या मुदतीत पूर्ण होण्याची हमी देता येते. अग्रक्रम क्षणोक्षणी बदलण्याची मुभा दिल्यास ही मर्यादा वाढते, परंतु मुख्य मुद्दा बदलत नाही : तेथे प्रश्न सरासरीचा नसून हमीचा होता, आणि हमीची किंमत काही क्षमता मोकळी ठेवून चुकवावी लागू शकते, हे स्पष्टपणे मान्य केले होते. धुके-संगणनाच्या नव्या साहित्याने या जुन्या ठेव्याशी असलेले नाते पुरेसे जपलेले नाही.

कामांची प्रतवारी

येथे असे सुचविण्याचा हेतू नाही की प्रत्येक संगणन ब्रेकच्या हिशोबाइतके गंभीर असते. उलट, सर्व कामे एकाच तागडीत तोलणे हाच मुख्य दोष आहे. नाशिक जिल्ह्यातीलच आणखी दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

२००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचा मृत्यू झाला होता. २०१५ च्या सिंहस्थात नीलय कुलकर्णी या नाशिकच्या विद्यार्थ्याने सहकाऱ्यांसह ‘अशिओतो’ ही गर्दी मोजण्याची व्यवस्था वापरून पाहिली. वाटेवर अंथरलेल्या दाबसंवेदी चटईवरून माणसे गेली की पावलांवरून संख्येचा अंदाज येतो. येथे धुके-संगणनाचा विचार चपखल बसतो. मोजणी जागेवर व्हावी आणि केवळ आकडा पुढे जावा, हे दृश्यचित्रण पाठविण्यापेक्षा कितीतरी हलके आहे. काही सेकंदांचा विलंब सहज खपतो. मात्र अनेक वाटांवरचे आकडे एकत्र पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, म्हणून ते एका ठिकाणी जमा होणे आवश्यक ठरते.

दुसरे उदाहरण कांदाचाळीचे. चाळीतील तापमान आणि आर्द्रता दर पंधरा मिनिटांनी नोंदविली आणि प्रत्येक नोंद ५० बाइटची धरली, तर दिवसाला ९६ नोंदी होतात आणि एकूण माहिती ५ किलोबाइटपेक्षाही कमी भरते. साध्या मोबाइल जोडणीवरून ती सहज जाते. एक तास उशिरा गेली तरी कांदा त्या तासात सडत नाही. अशा कामासाठी मधल्या थरात सर्व्हर उभा करणे म्हणजे विजेची आणि देखभालीची नवी जबाबदारी ओढवून घेणे होय. तरीही शेतीतील संवेदकांचे कारण देऊन धुके-केंद्राचे समर्थन केलेले आढळते. समस्या तपासण्याआधी उपाय निवडल्याचे हे लक्षण आहे.

या तीन उदाहरणांवरून कामांचे तीन वर्ग पडतात : जे कधीही पाठवू नये, जे आटोपशीर करून पाठवावे, आणि जे जमेल तेव्हा पाठवावे. हस्तांतरणाचे गणित प्रामुख्याने दुसऱ्या वर्गाचे आहे. पहिल्या वर्गात ते लावणे धोक्याचे, तर तिसऱ्यात अनावश्यक ठरते.

प्रतिवाद आणि त्याचा विचार

वरील मांडणीवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, प्रत्येक नव्या क्षेत्राची सुरुवात सोप्या प्रतिमानांनीच होते आणि विश्वासार्हता, कालमर्यादा व बिघाड-सहिष्णुता यांवर पुढे स्वतंत्र संशोधन झालेले आहे. हा आक्षेप रास्त आहे. आयफॉगसिमच्या दुसऱ्या आवृत्तीतही उपकरणांची गतिशीलता आणि केंद्रांचे समूह यांची सोय करण्यात आली. परंतु बिघाडाला स्वतंत्र विषय मानणे आणि तो प्रत्येक वाटपाच्या निर्णयाचा भाग मानणे, यांत फरक आहे. बिघाड हा परिशिष्टातला विषय राहिला, तर मुख्य सूत्र तो नसल्यासारखेच लिहिले जाते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. राखीव साधने ठेवणे सर्वांना परवडत नाही, आणि मर्यादित साधनांच्या प्रदेशात तर काटकसर हाच धर्म होय. या आक्षेपातील सत्य ‘कवच’च्या प्रसारानेच दाखविले आहे : २०२४ मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार दक्षिण मध्य रेल्वेवरील त्या १,४६५ किलोमीटरसोबत १४४ इंजिनांवर ही प्रणाली बसविलेली होती. देशभरातील मार्गांच्या तुलनेत हे प्रमाण अल्प आहे; सुरक्षिततेची किंमत मोठी असते आणि ती चुकविण्यास वेळ लागतो. मात्र यातून निघणारा धडा वेगळा आहे. साधन अपुरे असेल तर कमी ठिकाणी पण पूर्ण हमी द्यायची, की सर्व ठिकाणी अर्धवट, हा निर्णय घ्यावाच लागतो. तो मूल्यांचा निर्णय आहे. सूत्रातील एखाद्या गुणकाला किती वजन द्यायचे, हे ठरविताना संशोधकही तो घेतच असतो. फक्त त्याचा उच्चार करीत नाही.

निष्कर्ष

धुके-संगणनाने गणन उपकरणाजवळ आणण्याचा जो आग्रह धरला, तो योग्य आहे आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. त्यावरील साहित्याची उणीव अशी की, ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ त्याने विलंबापुरता घेतला. मनमाड–नांदेड मार्गावरील इंजिनात ब्रेकचा हिशोब जवळ ठेवलेला आहे तो मुख्यतः जबाबदारीसाठी. ज्याला थांबायचे आहे, थांबण्याचा हिशोबही त्याच्यापाशीच असावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

या दृष्टीने महाविद्यालयीन पातळीवरील संशोधनात पुढील चार गोष्टींचा आग्रह धरणे उपयुक्त ठरेल. पहिली, सरासरी विलंबासोबत सर्वाधिक विलंब आणि मुदत चुकलेल्या कामांची संख्याही नोंदवावी. दुसरी, वीज आणि जोडणी खंडित झाल्यास प्रणाली कशी वागते, याची चाचणी मूळ प्रयोगातच घ्यावी. ग्रामीण आणि निमशहरी भागात तो अपवाद नसून नित्याचा अनुभव असतो. तिसरी, कोणते काम हस्तांतरणास अपात्र आहे, हे गणित मांडण्यापूर्वी सांगावे. चौथी, आभासी प्रयोगाचा निष्कर्ष मांडताना त्याला निदान एका प्रत्यक्ष व्यवस्थेच्या निरीक्षणाची जोड द्यावी. अशा व्यवस्थेसाठी दूर जाण्याची गरज नाही. रेल्वेमार्ग, पाणीपुरवठा, वीज उपकेंद्र आणि बाजार समिती या प्रत्येक ठिकाणी अपुऱ्या साधनांची वाटणी रोज होत असते, आणि ती करणाऱ्यांजवळ अनुभवाने आलेले नियम असतात. ते नियम नोंदविणे हेही संगणकशास्त्राचेच काम आहे.